फोर बाय फोर असूनही गाडी अडकते? डिफरन्शियल लॉक बसवण्याआधी हे तपासा

पावसाळ्याचे पहिले दोन-तीन शनिवार-रविवार झाले की विचारणा सुरू होते: "फोर बाय फोर घेतली, तरी अडकते. लॉकर बसवून घेऊ का?" लॉकर म्हणजे डिफरन्शियल लॉक, एका ॲक्सलची (डाव्या-उजव्या चाकांना जोडणाऱ्या दांड्याची) दोन्ही चाकं एकत्र फिरायला लावणारी यंत्रणा. विचारणारे बहुतेक जण वर्षातून मोजक्या वेळा मुळशी, वेल्हे, भोरच्या बाजूला जाणारे असतात आणि एरवी शहराच्या ट्रॅफिकमध्ये क्लच झिजवत असतात. अशा गाड्या ओढून काढायच्या आणि मग खाली वाकून त्या नेमक्या कशामुळे अडकल्या ते बघायचं, यात माझे बरेच पावसाळे गेलेत. यातल्या बहुतेकांना लॉकरची गरज नसते. ज्यांना असते त्यांना मात्र खरोखर असते. आपण कुठल्या गटातले, हे गाडी अडकलेली असतानाच कळतं; घरी बसून व्हिडिओ पाहून नाही. म्हणून आधी लक्षणं.

अडकलेली गाडी काय सांगते

एका ॲक्सलचं एक चाक गरगर फिरतंय आणि त्याच ॲक्सलचं दुसरं चाक कोरड्या, घट्ट जमिनीवर असूनही गप्प उभं आहे. लॉकरचा खरा रुग्ण हाच. ओघळ तिरकी ओलांडताना समोरासमोरच्या कोपऱ्यांतली दोन चाकं, म्हणजे पुढचं डावं आणि मागचं उजवं, एकाच वेळी हलकी झाली की हे हमखास दिसतं.

दोन्ही चाकं फिरताहेत आणि दोन्ही खड्डा करताहेत, तर पकड दोन्हीकडे नाही. इथे लॉकर काही करत नाही. तो असता तर हेच दोन खड्डे जरा लवकर झाले असते, एवढंच.

चाकं फिरतच नाहीत, इंजिन दबतंय, क्लचचा जळका वास येतोय: हा गिअरचा प्रश्न. चाकं मोकळी फिरताहेत पण गाडी पोटावर किंवा डिफच्या (डिफरन्शियलच्या, म्हणजे ॲक्सलच्या मधल्या गिअरच्या) हाउसिंगवर बसली आहे: हा उंचीचा प्रश्न. फोर-लो (चारही चाकांना ताकद देणारा, कमी वेगाचा गिअर) लावलाय तरी फक्त मागची चाकं माती उडवताहेत आणि पुढची दोन्ही निवांत आहेत: तुमची गाडी फोर बाय फोरमध्ये गेलेलीच नाही.

पाच लक्षणांपैकी एकाच लक्षणावर लॉकर हे उत्तर आहे. बाकी चारांवर तो बसवलात तर पैसे जातील आणि पुढच्या पावसाळ्यात त्याच चढावर तुम्ही पुन्हा दिसाल.

फुकटची तपासणी: खाली उतरा

स्टिअरिंगवर बसून कुठलं चाक फिरतंय ते कळत नाही. सोबतच्याला गाडीच्या बाजूला, चिखल-दगड उडणार नाहीत एवढ्या अंतरावर उभं करा. गाडीच्या मागे किंवा उताराच्या खालच्या अंगाला अजिबात नको. हलका एक्सलरेटर द्या आणि त्याला चारही चाकांचा व्हिडिओ काढू द्या. दोन-तीन सेकंद पुरतात. त्यानंतरही चाकं फिरवत राहिलात तर जमीन खणण्यापलीकडे काही होत नाही.

हा व्हिडिओ सांभाळून ठेवा. वेगवेगळ्या ठिकाणी अडकल्यावर तेच चित्र दिसतंय का, यावर पुढचा सगळा निर्णय आहे.

याच वेळी इंजिन बंद करून गाडीखालीही नजर टाका. मारुती जिम्नीचा ग्राउंड क्लिअरन्स (जमिनीपासूनची उंची) २१० मिमी आहे, पण सॉलिड ॲक्सलच्या कुठल्याही गाडीत सगळ्यात खाली लोंबतो तो डिफचा फुगवटा. तो दोन चाकोऱ्यांच्या मधल्या उंचवट्यावर टेकला की चाकांवरचं वजनच कमी होतं आणि मग जगातला कुठलाही लॉकर बिनकामाचा. फावड्याने मधली माती काढा. मध्यम आकाराचं फावडं गाडीत नसेल तर आधी ते घ्या, लॉकरची चर्चा नंतर.

हवा

सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात जास्त टाळली जाणारी गोष्ट. कंपनीने सांगितलेली ३० पीएसआयच्या आसपासची हवा डांबरासाठी असते. कच्च्या रस्त्यावर ती २० ते २२ वर आणा, मऊ चिखलात १८, मोकळ्या रेतीत १५-१६. टायर खाली लांबट बसतो, जमिनीला टेकणारा भाग वाढतो, दगडावर तो थोडा लपेटून घेतो. बऱ्याच वेळा जे चाक फिरत होतं तेच एवढ्याने पकडतं.

याच्याही खाली जाऊ नका. साध्या रिमवर हवा फार कमी असेल तर वळणावर टायरची कड रिममधून सुटते. धारदार दगड असतील तिथे टायरच्या कुशीला चीर पडण्याची भीती असते, तिथे २२ च्या खाली नकोच. आणि डांबरावर परतण्याआधी हवा भरायचीच. कमी हवेत हायवेला ऐंशीने गेलात तर टायर तापून फाटतो. प्रेशर गेज काहीशे रुपयांत मिळतो, बॅटरीवर चालणारा कॉम्प्रेसर साधारण दोन-चार हजारांत.

रेतीचं प्रेशर सांगितलं म्हणून कोकणात किंवा गोव्यात गाडी किनाऱ्यावर घालू नका. पोलीस गुन्हा नोंदवतात, आणि भरतीला लॉकर-बिकर काही कळत नाही.

फोर-लो खरंच लागलाय का

दिवा लागला म्हणजे काम झालं असं नाही. पार्ट-टाइम (गरजेपुरत्या लावायच्या) फोर बाय फोरमध्ये लिव्हर टाकल्यावर पुढचा आणि मागचा प्रॉपेलर शाफ्ट (ॲक्सलला ताकद पोचवणारा दांडा) एकमेकांना जोडला जातो. त्यानंतर पुढची चाकंही जोडली जावी लागतात. जिम्नीत हे काम व्हॅक्यूमवर होतं. व्हॅक्यूमची नळी निघाली, चिरली किंवा चिखलाने बुजली तर पुढची चाकं मोकळीच राहतात आणि दिवा लुकलुकत राहतो. नळी बघून बसवणं हे पाच मिनिटांचं काम आहे. तेवढ्यासाठी "पॉवरच मिळत नाही हो" म्हणून लॉकरचा भाव काढलेले लोक पाहिलेत.

तपासायचं तर ओल्या मुरुमावर किंवा खडीवर. फोर-लो लावा, स्टिअरिंग पूर्ण वळवा आणि रांगत्या वेगाने फिरा. गाडी जरा अडखळत, ओढल्यासारखी फिरली तर दोन्ही ॲक्सल जोडलेले आहेत. कोरड्या डांबरावर हा प्रयोग करू नका, ट्रान्सफर केसवर (पुढे-मागे ताकद वाटणाऱ्या गिअरपेटीवर) उगाच ताण येतो.

दबणाऱ्या इंजिनाचं उत्तरही बहुतेक वेळा इथेच सापडतं. चढाच्या पायथ्याशी फोर-हाय (चारही चाकांना ताकद देणारा, पण नेहमीच्या वेगाचा गिअर) आणि पहिला गिअर लावून, हाफ क्लचवर गाडी रेटणारे खूप. फोर-लोमध्ये चाकावरची ताकद गाडीनुसार साधारण दोन ते अडीच पट होते. क्लच पूर्ण सोडून गाडी आपल्या चालीने चढू द्या.

एक चाक फिरतं तेव्हा आत काय होतं

इथे थोडं थांबू, कारण लॉकरबद्दलचे गैरसमज याच ठिकाणी जन्मतात. "सगळी ताकद फिरणाऱ्या चाकाला जाते" असं सर्रास म्हटलं जातं. तसं नाही. साधा डिफरन्शियल दोन्ही चाकांना कायम जवळपास सारखाच पीळ (टॉर्क) देतो. गोची अशी की, हवेत लटकलेल्या चाकाला फिरवायला पीळ लागतच नाही. त्याला जेवढा नगण्य लागतो तेवढाच दुसऱ्या, चांगल्या चाकाला मिळतो, आणि तेवढ्याने गाडी हलत नाही. लॉकर दोन्ही अर्धे शाफ्ट एकमेकांना बांधतो. मग ज्या चाकाला पकड आहे ते हवा तेवढा पीळ घेऊ शकतं.

शेतकऱ्याला हे सांगावं लागत नाही. ट्रॅक्टरच्या सीटखाली टाचेजवळ डिफरन्शियल लॉकचं पेडल असतं. चिखलणी करताना एक चाक सरकायला लागलं की तो ते दाबतो आणि बांधावर वळण्याआधी सोडतो. वळताना बाहेरच्या चाकाला जास्त अंतर कापायचं असतं आणि लॉक लावलेला असेल तर ते कापता येत नाही. आपल्या गाडीतही नियम तोच. फरक इतकाच की ट्रॅक्टरवाला तो रोज वापरतो आणि आपण वर्षातून चारदा.

आता ब्रेक. नव्या गाड्यांत ट्रॅक्शन कंट्रोल फक्त फिरणाऱ्या चाकाला ब्रेक लावतो. त्या चाकाला फिरायला जास्त पीळ लागला की दुसऱ्यालाही तेवढाच मिळतो. जिम्नीत लॉकर नाही, ती याच युक्तीवर चालते, आणि अधूनमधून बाहेर पडणाऱ्याला ती पुरते. पण एक अट आहे: ब्रेक कामाला लागायला चाक क्षणभर फिरावं लागतं. चाक फिरलं की आपण घाबरून पाय काढतो, सिस्टम थांबते, आपण पुन्हा पाय देतो, चाक पुन्हा फिरतं. तसं नको. पाय स्थिर ठेवा, "टर्रर्र" असा ब्रेकचा आवाज येऊ द्या, गाडी हळूहळू हलते. ईएसपी (गाडी घसरू न देणारी यंत्रणा) बंद करण्याच्या बटणाने नेमकं काय बंद होतं हे गाडीगणिक बदलतं. मॅन्युअलचं ते एक पान घरून वाचून निघा.

"हँडब्रेक दोन-तीन दाते ओढा" हा सल्ला सगळीकडे मिळतो. फार आशा ठेवू नका. हँडब्रेक मागची दोन्ही चाकं धरतो. चांगल्या चाकाला वाढून मिळालेला पीळ त्याचाच ब्रेक खाऊन टाकतो. डिफच्या आतल्या घर्षणामुळे थोडासा फायदा उरतो, तोही चाक जमिनीला किंचित टेकलेलं असेल तर. करून बघा, एकदाच. नाही हलली तर दगड शोधा.

दगड हा खरा उपाय. लटकलेल्या चाकाखाली चपटे दगड घट्ट रचले की चाकावर वजन येतं आणि गाडी निघते. त्याहून सोपं म्हणजे दोन-तीन फूट मागे येऊन ओघळीत वेगळ्या कोनातून शिरायचं, जेणेकरून एका वेळी एकच चाक खाली उतरेल. यासाठी समोर उभा राहून हाताने खुणा करणारा एक शहाणा माणूस लागतो. दहा जण एकदम ओरडत असतील तर नऊ जणांना चहाला पाठवा.

टायर

दोन्ही चाकं फिरतात हे लक्षण असेल तर तुमचा शोध इथे संपतो. देशावरची काळी माती ओली झाली की टायरच्या खाचांत भरते आणि निघत नाही. मग तुम्ही टायरवर नव्हे, मातीच्या गुळगुळीत ड्रमवर चालता. शोरूममधून आलेल्या हायवे टायरचं हे पहिल्या वीस फुटांत होतं. ऑल-टेरेन टायरच्या रुंद खाचा जरा जास्त वेळ मोकळ्या राहतात. मड टायर सगळ्यात सरस, पण अधूनमधून जाणाऱ्याने त्यांच्या फंदात पडू नये: ओल्या डांबरावर पकड कमी, आवाज जास्त, आणि तुमचं नव्वद टक्के चालवणं डांबरावरच आहे.

कायद्याने टायरची नक्षी १.६ मिमी चालते. चिखलात १.६ मिमी म्हणजे काहीच नाही.

कोकणात आणि मावळात गोष्ट जरा वेगळी. वर बोटभर तांबडा चिखल आणि खाली जांभा किंवा मुरूम असेल तर टायरने चिखल कापून खाली पोचायला हवं. तिथे हवा फार कमी करण्यापेक्षा चांगली नक्षी कामाला येते. धरणांच्या फुगवट्याची जागा मात्र फसवी असते. उन्हाळ्यात पाणी ओसरलं की गाळ वरून भेगाळलेला, टणक दिसतो आणि खाली लोण्यासारखा असतो. तिथे गाडी नेण्याआधी चालत जा आणि काठी खुपसून बघा. आत शिरलेली गाडी कुठल्याही टायरने बाहेर येत नाही.

पाचही टायर बदलायचे म्हटले तर खर्च सहज अर्ध्या लाखाच्या पुढे जातो. तरी लॉकर आणि टायर यात एकच परवडत असेल तर टायर घ्या. लॉकर वर्षातून दोन-चार ठिकाणी उपयोगी पडेल. टायर प्रत्येक वळणावर आणि प्रत्येक ब्रेकला.

लॉकर आधीच असेल आणि तरी अडकत असेल

थारच्या काही मॉडेलांत मागे आपोआप लागणारा यांत्रिक लॉकर असतो. बोलेरो निओच्या एका मॉडेलमध्येही तो आहे आणि ती गाडी चक्क टू-व्हील-ड्राइव्ह आहे. शेतरस्त्यासाठी ही जोडी माझ्या मते अनेक फोर बाय फोरपेक्षा जास्त शहाणपणाची. हा लॉकर लागायला दोन चाकांच्या वेगात मिनिटाला सुमारे १०० फेऱ्यांचा फरक पडावा लागतो, म्हणजे एका चाकाचे सेकंदाला दीड-दोन फेरे. पुन्हा तेच: चाक फिरलं की पाय काढणाऱ्याचा लॉकर कधीच लागत नाही आणि तो "लॉकर खराब आहे" म्हणून गॅरेजला येतो. पाय स्थिर ठेवा. "थाड" आवाज आणि एक झटका बसला की लागला. साधारण ३० किमीच्या वर तो लागत नाही.

आपल्या गाडीत नेमकं काय आहे याची खात्री नसेल तर सपाट जागी पुढच्या चाकांना पुढून-मागून दगड लावा, मागची दोन्ही चाकं उचलून स्टँडवर घ्या, नुसत्या जॅकवर नाही. गिअर न्यूट्रलला टाका, हँडब्रेक सोडा आणि एक चाक हाताने फिरवा. दुसरं उलट्या दिशेने फिरलं तर डिफ साधा किंवा लॉक न लागलेला; त्याच दिशेने फिरलं तर लॉक लागलेला किंवा लिमिटेड स्लिप (दोन चाकांच्या वेगातला फरक मर्यादित ठेवणारा डिफ). आपोआप लागणारा लॉकर हाताच्या वेगाने लागणार नाही, तो साध्यासारखाच वागेल, त्यात घाबरण्यासारखं काही नाही.

डांबरावर वळताना मागचं चाक चिरकत असेल, गाडी ओढल्यासारखी वळत असेल तर लॉक सुटलेला नाही. अशी गाडी चालवत राहू नका.

इथे थांबा, माणूस बोलवा

गाडी बाजूच्या उतारावर कलली असेल आणि खाली दरी किंवा ओढा असेल तर सगळ्यांना वरच्या अंगाने उतरवा आणि हात जोडा. अशा जागी लॉकर तर मुळीच लावू नका. लॉक नसताना एक चाक फिरतं आणि दुसरं गाडी धरून ठेवतं; लॉक लावला की दोन्ही एकदम फिरतात आणि मागचा भाग उताराकडे सरकतो. घाटातल्या निसरड्या आडव्या वाटेवर हे फार पटकन होतं.

वाहतं पाणी चाकाच्या मध्यापर्यंत आलं असेल आणि वाढत असेल तर गाडी सोडा. क्लचचा धूर दिसला, ॲक्सलमधून "खट्-खट्" आवाज आला, तिसऱ्या प्रयत्नालाही गाडी जागची हलली नाही, तर इंजिन बंद करा.

ओढायला गावातला ट्रॅक्टर किंवा जेसीबी मिळतो आणि चालवणारा बहुतेक वेळा आपल्यापेक्षा जास्त जाणता असतो. पण दोर कुठे बांधायचा हे तुम्ही सांगा: चॅसिसवरच्या पक्क्या हुकाला. बंपरला नाही, ॲक्सलला नाही, ट्रेलरच्या गोळ्याला तर कधीच नाही. बंपरमध्ये स्क्रू करून बसवायचा हुक सपाट रस्त्यावर गाडी ओढायला दिलेला असतो. रुतलेल्या गाडीच्या झटक्याने तो निघून काच फोडून आत येतो. दोराच्या दीडपट अंतरात कुणी उभं राहू नये. ट्रॅक्टरवाल्या मामांना सावकाश ओढायला सांगा.

पाण्यातून आल्यावर डिफच्या तेलाचा प्लग उघडून बघा. तेल दुधाळ दिसलं तर आत पाणी गेलंय. गाडी तशीच चालवू नका, तेल बदलून घ्या आणि ब्रीदरची (डिफला हवा खेळती ठेवणारी) नळी तपासायला लावा.

आणि तरीही तेच लक्षण उरलं तर

हवा, टायर, फोर-लो, वाट, ट्रॅक्शन कंट्रोल सगळं जागेवर आहे आणि तुमच्या व्हिडिओंत पुन्हा पुन्हा एकच दिसतंय: एक चाक हवेत, दुसरं घट्ट जमिनीवर आणि गप्प. तर हो, तुम्हाला लॉकर लागतो. हे बहुतेक अशा लोकांच्या बाबतीत होतं जे ट्रॅक्शन कंट्रोल नसलेली जुनी गाडी चालवतात, ज्यांचा शेतावरचा रस्ताच ओघळींचा आहे, किंवा जे एकट्या गाडीने जातात. सोबत दुसरी गाडी आणि चांगला दोर असेल तर लॉकरशिवायच निम्मे प्रश्न मिटतात.

मागचा एकच पुरे. पुढचा लॉकर स्टिअरिंग जड करतो आणि चाक वळलेलं असताना जोर दिला की सीव्ही जॉइंट (वळलेल्या चाकालाही ताकद पोचवणारा सांधा) तोडतो. फोर्स गुरखासारख्या गाडीत पुढे-मागे दोन्ही कंपनीतूनच येतात, तिथेही पुढचा सगळ्यात शेवटी आणि सरळ चाकांवरच वापरायचा असतो. गाडी अजून घ्यायचीच असेल तर कंपनीतून लॉकर असलेलं मॉडेल घेणं नंतर बसवण्यापेक्षा कधीही स्वस्त. बाहेरून आणलेला, हवेच्या दाबावर चालणारा लॉकर कॉम्प्रेसर आणि मजुरीसकट लाखाच्या घरात जातो, वर वॉरंटीचा प्रश्न उभा राहतो.

बसवणं हे घरी करायचं काम नाही, आणि ओळखीचा मेकॅनिक कितीही हुशार असला तरी नेहमीच्या सर्व्हिसिंगच्या गॅरेजचंही नाही. क्राऊन-पिनियन (डिफमधली मुख्य गिअरजोडी) काढून पुन्हा बसवताना त्यातली फट डायल गेजने मोजावी लागते, शिम (पातळ चकत्या) घालून जुळवावी लागते, दात कुठे घासतात ते रंग लावून बघावं लागतं. फट चुकली की काही हजार किलोमीटरमध्ये ॲक्सल शिट्टी मारायला लागतो आणि मग अख्खा सेट बदलावा लागतो. काम द्यायच्या आधी गॅरेजवाल्याला डायल गेज दाखवायला सांगा. "आमचा हात बसलाय, हाताने हलवून कळतं" असं उत्तर आलं तर चहा प्या आणि गाडी घेऊन परत या.